भांडारातील बेवारस तुकडा

व्होल्गाकाठी वसलेल्या व पुढे अमेरिकेत गेलेल्या काही जर्मन कुटुंबांत अल्झायमरचा स्मृतिभ्रंश पिढ्यान्‌पिढ्या उतरत असे. जून १९९५ मध्ये या रोगाचे एक जनुक चौदाव्या गुणसूत्रावर सापडले; पण या कुटुंबांतील दोष तेथे नव्हता. तेव्हा संशोधकांनी त्या जनुकाची अक्षरमाला घेऊन सार्वजनिक भांडार संगणकाने धुंडाळले. पेशीत प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या जनुकसंदेशांचे तुकडे तेथे वाचून ठेवलेले असतात. त्यांतला एक बेवारस तुकडा जुळला! तो पहिल्या गुणसूत्रावरचा निघाला, आणि दोषही त्याच जनुकात आढळला. ऑगस्टमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. अशाच तुकड्यांवर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये एकस्व मागितले होते. जेम्स वॉटसन यांनी त्यास कडाडून विरोध केला. १९९४ मध्ये संस्थेने तो नाद सोडला.