'ध'चा 'मा'

इतिहासाच्या तासाला मी नारायणरावाच्या वधापाशी आलो, की सोलापुरातली आमची एरवी पेंगणारी पोरे सरसावून बसतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशव्यास मारले. राघोबादादांच्या आज्ञेत 'धरावे' होते, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही त्यामागची आख्यायिका. खरी की खोटी, हा वाद पंडितांवर सोपवू. यंदा एका मुलाने विचारले, "सर, कागदावर शिक्का नव्हता का?"

प्रश्न मार्मिक होता. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे, अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही समाप्तीची मुद्रा. पहिली पत्र कोणाचे ते सांगे. दुसरीच्या पुढे कोणी ओळ वाढवलीच, तर ती उघडी पडे. मधल्या एका अक्षरावर मात्र दोघींचाही पहारा नव्हता.

आणि गुप्तता? १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतानंतर उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांच्या हाती एक सावकारी पत्र लागले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, हे पेशव्यांना उमगले. कारण ते मोती त्यांच्याच घरचे होते.

पण ज्याची कधी गाठ पडली नाही, त्याच्याशी खूण ठरवायची कशी, आणि तीही भर चव्हाट्यावर? संगणकांच्या जाळ्यापुढे नेमका हाच पेच होता. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी त्यावर तोडगा प्रसिद्ध केला. मी गणिताचा मास्तर नव्हे, तरी सांगतो. दोघांनी एकेक संख्या पोटात ठेवायची आणि तिच्यावरून काढलेली दुसरी उघड्यावर धाडायची. दोन्हीकडे एकच किल्ली तयार होते. मध्ये कान लावून बसलेल्याला ती साधत नाही. १९९५ मध्ये नेटस्केपने एसएसएल आणले, १९९९ मध्ये त्याचे टीएलएस झाले. आपला फोन बँकेशी बोलतो तो त्याच्याच आधाराने. आधी तो बँकेचे प्रमाणपत्र तपासतो. ही माथ्यावरची मुद्राच. मग किल्ली ठरते, आणि मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासोबत तिच्यावरून काढलेली खूण जाते. वाटेत एक अक्षर बदलले, तरी खूण जुळत नाही आणि तुकडा नाकारला जातो.

"म्हणजे 'मा' झालाच नसता!" पोरगा म्हणाला.

वाटेत झाला नसता, मी म्हटले. आख्यायिकेतला 'मा' घरातच झाला होता. गेल्या वर्षी आमच्या एका सहकाऱ्याने फोनवरच्या गोड आवाजाला आपला परवलीचा आकडा आपणच सांगितला. कुलूप शाबूत राहिले. मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे गेले.