सांधे बुजवणे (प्लॅस्टिक प्रतिकृतींचे)

विमाने, रणगाडे, जहाजे यांच्या पॉलिस्टायरीनच्या प्रतिकृती जोडताना भागांमध्ये राहणारी फट भरून पृष्ठभाग एकसंध करण्याची प्रक्रिया. विमानाचे धड बहुधा डाव्या-उजव्या दोन भागांत येते. त्याच्या पाठीवरचा सांधा आणि पंखाचे मूळ येथे नजर आधी जाते. १:७२ प्रमाणात ०.२ मिमी.ची फट म्हणजे खऱ्या विमानावर सुमारे १४ मिमी.ची भेग, म्हणून हे काम रंगकामाइतकेच महत्त्वाचे मानावे.

उत्तम सांधा पुट्टीविनाच साधतो. द्रव सिमेंट प्लॅस्टिक विरघळवते. ते लावून भाग दाबले की मऊ प्लॅस्टिकची बारीक कड वर येते. ती पूर्ण वाळल्यावर घासली की फट उरत नाही. रुंद फटीत प्लॅस्टिकची पट्टी बसवतात. द्रावकयुक्त पुट्टी वाळताना आकसते, त्यामुळे ती पातळ थरांत भरावी लागते. मिलिपुटसारखी दोन घटकांची इपॉक्सी पुट्टी फारशी आकसत नाही आणि घट्ट होण्यापूर्वी ओल्या बोटाने सारखी करता येते. पंखाच्या मुळाशी तीच सोयीची. सायनोॲक्रिलेट गोंद कालांतराने प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतो. तो वेळेत घासला नाही, तर शेजारचे प्लॅस्टिकच झिजून खाच पडते.

४०० ते १,००० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासतात. नंतर दिलेल्या प्राइमरच्या राखाडी थरात राहून गेलेली रेघ लगेच उघडी पडते. घासताना पुसलेल्या पत्र्यांच्या जोडरेषा सुईने पुन्हा कोरतात. सुकाणू आणि फ्लॅप यांच्या कडेच्या फटी मात्र खऱ्या विमानावरही असतात. त्या बुजवू नयेत.