प्रयोगशाळेतून वर्गाकडे

पीएच.डी. मिळवून एखादा तरुण नंदुरबारच्या किंवा शहाद्याच्या महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू होतो. उपकरण कसे हाताळावे हे त्याला पक्के ठाऊक असते. वर्ग कसा हाताळावा हे बहुधा कोणीच शिकवलेले नसते. बी.एड. केल्याशिवाय ज्यांना माध्यमिक शाळेत उभे राहता येत नाही, त्या आपल्याला याचे नवल वाटेल. पण आपल्याकडे विषय आला की शिकवणे आपोआप येते, असेच विद्यापीठे दीर्घकाळ मानत आली.

या समजाला पहिला मोठा धक्का बसला तो आपल्या शेजारीच. नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून आलेले अनिल सद्गोपाल त्यात होते. पुढे दिल्ली विद्यापीठातील अध्यापकही येऊ लागले. शिक्षकांना प्रशिक्षण देणे हे त्यांचे काम. प्रत्यक्षात शिकले दोघेही. खेड्यातील शिक्षक स्वतः प्रयोग करून पाही आणि 'असे का?' म्हणून विचारी, तेव्हा सूत्र फळ्यावर लिहून सुटका होत नसे. हा उपक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला.

महाराष्ट्रात १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचे काम सत्तरच्या दशकातच खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याच्या खिरोदा परिसरातील शाळांत पोहोचले. केंद्राची धुरा सांभाळणारे वि. गो. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलाला अडवते, याकडे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लक्ष वेधले. मजकूर सोप्या भाषेत आला की मुलांची समज वाढते आणि ती वर्गात बोलूही लागतात, असे त्यांना आढळले.

आमच्या मते नव्या संशोधकाने प्रथम शिकावे ते हेच. 'कार्य' हा शब्द घ्या. आपल्या गावात कार्य म्हणजे लग्नकार्य. त्यात, डोक्यावर मोळी घेऊन सपाट रस्त्याने एकाच वेगाने कोसभर चालणाऱ्या बाईने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काहीच कार्य केले नाही, असे पुस्तकाचे म्हणणे! ज्याच्या घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलतात, त्या मुलाला हे समजावून सांगताना व्याख्येचा उपयोग नाही. बल आणि विस्थापन एकमेकांना काटकोनात आहेत, हे मोळी उचलून, मग चालून दाखवावे लागते.

अध्यापकांसाठी १९८७ पासून अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, पण तेथील वर्ग नोकरी लागल्यावरचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी मात्र प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला संशोधनाच्या काळातच अध्यापन आणि लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक केले. ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी आठवड्याला चार ते सहा तास देण्याचीही मुभा ठेवली. हे प्रशिक्षण देणाऱ्यांत धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांत वर्षानुवर्षे विज्ञान शिकवणारा एखादा शिक्षक असावा, असे आम्हाला वाटते. त्याला इतर तज्ज्ञांइतकेच मानधन मिळावे, आणि एस.टी.चे भाडेही.