जेवण झाल्यावर

रबाळे, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, रात्री पावणेअकरा. आरती होऊन गेली आहे, तबकातला कापूर विझला आहे. विसर्जन उद्या. पुतण्या गणपतीसमोरच्या सतरंजीवर पालथा पडून मोबाइलवर ‘अर्सलान सेन्की’ पाहतोय. पार्स नावाचं काल्पनिक राज्य, चौदा वर्षांचा युवराज आणि चांदीचा मुखवटा घातलेला त्याचा चुलतभाऊ. आपल्या काकाने आपल्या बापाला मारून गादी घेतली, असं या मुखवट्याला वाटतं. शिवाय एका म्हाताऱ्या सरदाराची चिठ्ठी आहे आणि त्या चिठ्ठीत राजघराण्याचं गुपित. योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्या १९८६ पासूनच्या, ही मालिका २०१५ ची. “काका, यात कोण कुणाच्या बाजूचा हे लिहूनच घ्यायला लागतं,” पुतण्या मान वर न करता म्हणतो.

आपल्याकडची यादी छोटी आहे. काका, पुतण्या, काकू, एक चिठ्ठी. तिथीसुद्धा आजचीच, साल १७७३, जागा पुण्याचा शनिवारवाडा.

२८५ दिवस आधी. १८ नोव्हेंबर १७७२, थेऊर. थोरले माधवराव पेशवे क्षयाने जातात. वय २७. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या भावाला, नारायणरावांना, काकांच्या हवाली केलेलं आहे. हे काका म्हणजे रघुनाथराव. १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी त्यांचा पराभव केला होता आणि नंतर त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं होतं. ज्याच्यापासून गादी सांभाळायची, त्याच्याच हाती गादीचा वारस सोपवला गेला. मरणाऱ्या माणसापुढे दुसरा पर्याय होता का, हा प्रश्न वेगळा. नारायणराव १७ वर्षांचे आहेत. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून त्यांनाच मिळतात.

साडेचार महिने आधी. एप्रिल १७७३. काका-पुतण्याचं पटत नाही. रघुनाथरावांवर पुन्हा चौकी बसते. १७५८ च्या मोहिमेत याच माणसाच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या होत्या. आता त्याला वाड्यातल्या आपल्या दालनांबाहेर पडायची मोकळीक नाही.

कैद्याला ठेवायला किल्ल्यांची वाण नव्हती. तरी त्यांना ठेवलं ते वाड्यातच, पुतण्याच्या छपराखाली. घरातल्या माणसाला गडावर कसं पाठवायचं, हा संकोच असेल, किंवा डोळ्यांसमोर असलेला बरा, हा हिशेब असेल. कारण काहीही असो, दोघांच्या मध्ये उरले ते फक्त काही चौक आणि काही दारं.

ऑगस्ट १७७३. रघुनाथराव निसटायचा प्रयत्न करतात. तो फसतो. पहारा आणखी कडक होतो.

पहाऱ्याला कोण आहेत, हे इथे पाहायला हवं. गारदी. कवायती पायदळाचे हे पगारी शिपाई. पानिपतावर इब्राहिमखानाने ज्यांना लढवलं, त्याच तऱ्हेचे. मुलूख नाही, वतन नाही, महिन्याच्या महिन्याला पैसा मिळाला तर चाकरी. पैसा थकलेला आहे. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद युसूफ हे त्यांचे म्होरके. रघुनाथरावांचा चाकर तुळाजी पवार त्यांच्याकडे ये-जा करू लागतो. बोलणी होतात आणि काम ठरतं: नारायणरावांना धरायचं. तसा लेखी हुकूम महंमद युसूफच्या हाती पडतो.

पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीत हा कागद मिळवला, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. ‘धरावे’ हा शब्द खोडून तिथे ‘मारावे’ केलेलं होतं. एक अक्षर गेलं, एक आलं, वर काना. हे रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं असं सगळा महाराष्ट्र मानतो आणि ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. अक्षर कुणाच्या हातचं, यावर इतिहासकारांचा वाद संपलेला नाही. मला स्वतःला त्या अक्षरापेक्षा ३० ऑगस्टची दुपार जास्त अस्वस्थ करते. कागद बदलला नसता, तरी हत्यारबंद माणसं वाड्यात शिरायचीच होती, आणि ती शिरणार हे निदान दोघांच्या कानावर होतं.

सोमवार, ३० ऑगस्ट १७७३. सूर्योदय. शके १६९५. नारायणरावांना अठरावं वर्ष पूर्ण होऊन २० दिवस झालेले आहेत. वाड्यात गणपती बसलेला आहे. सांगणारे बऱ्याचदा हा दिवस अनंत चतुर्दशीचा करून टाकतात. ती दुसऱ्या दिवशी.

जुन्या कागदांत तास-मिनिटं नसतात. प्रहर तीन तासांचा, घटका चोवीस मिनिटांची. खालच्या वेळा म्हणून ढोबळ आहेत. क्रम मात्र ढोबळ नाही.

सकाळ. शहरातल्या पायदळात गडबड आहे. थकलेल्या पगाराची कुरबुर, घोळके, आरडाओरडा. अशी कुरबुर पुण्याला नवी नव्हती.

नारायणराव पर्वतीवर देवदर्शनाला जातात. वाड्यापासून कोसभराची वाट. हरिपंत फडके सोबत आहेत.

सकाळ, थोड्या वेळाने. सरदार रघुजी आंग्रे त्या दिवसांत पुण्यातच आहेत. नारायणरावांची त्यांच्याशी गाठ पडते. दगाफटक्याची कुणकुण आंग्र्यांच्या कानावर आलेली आहे आणि ते ती पेशव्यांना सांगतात.

इथे इशारा पोहोचलेला आहे. ज्याला पोहोचायला हवा, त्यालाच आणि वेळेवर.

दुपारच्या आधी. नारायणराव गाफील राहत नाहीत. ते हरिपंतांना सांगतात: गारद्यांचा बंदोबस्त करा, वाड्याकडे लक्ष ठेवा. हुकूम दिला गेला, ऐकला गेला आणि मान्यही झाला. हरिपंत भरवशाचे माणूस. पुढे वीस वर्षं ते मराठी फौजांचे नामांकित सेनापती म्हणून वावरले. त्यांच्या निष्ठेवर त्या काळी किंवा नंतर कुणी बोट ठेवलेलं मला माहीत नाही.

पण त्यांना त्या दिवशी एका स्नेह्याकडे जेवणाचं बोलावणं आहे. भाद्रपद, गणपतीचे दिवस. पानं मांडलेली असणार, यजमान वाट पाहत असणार. शिपायांची कुरबुर काय रोजचीच.

हरिपंत जेवायला जातात. बंदोबस्त मागाहून.

बाराच्या सुमारास. नारायणराव वाड्यात परतले आहेत. जेवून वामकुक्षीसाठी आडवे होतात. आपण सांगितलं, म्हणजे काम झालं, असं अठराव्या वर्षी वाटतं. काम झालं का हे पाहायला त्यांनी दुसरा माणूस पाठवल्याचं कुठे येत नाही.

रघुनाथराव आपल्या दालनात आहेत.

एकच्या सुमारास. गारदी आत येतात. सुमारे पाचशे, असं सांगतात. वाड्याच्या एका अंगाला बांधकाम चाललं होतं, तिकडून ते शिरतात. देवडीवर अडवणारे कापले जातात. तोंडाने ओरडा एकच: आमचा पगार द्या.

रबाळे एमआयडीसीत वीस वर्षं काढल्यावर मला हा ओरडा नीट कळतो. थकलेल्या पगारासाठी गेटवर दोनशे माणसं जमली, तर वॉचमन दांडा उचलत नाही. तो आत फोन लावतो आणि म्हणतो, बोलायला कुणाला तरी पाठवा. मागणी खरी असते, त्यामुळे दार पूर्ण बंद करायची कुणाला लाज वाटते. गारद्यांची बाकीही खरीच होती. त्या ओरड्याच्या आडून पहिले काही क्षण तरी हा दंगा वाटत राहिला, खून वाटला नाही.

लगेच पुढे. नारायणराव गलक्याने जागे होतात. जवळ हत्यार नाही. ते पार्वतीबाईंच्या, म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीच्या दालनाकडे धावतात. ती म्हणते, दादासाहेबांकडे, म्हणजे रघुनाथरावांकडे, जा.

सल्ला चुकीचा नव्हता. गारदी ऐकले असते, तर त्याच एका माणसाचं.

नारायणराव काकांच्या दालनात शिरतात आणि त्यांना मिठी मारतात. ‘काका, मला वाचवा’ हे वाक्य पुढे नाटकांनी आणि आज्यांनी घराघरांत नेलं. नेमके शब्द कुणी टिपून ठेवलेले नाहीत, मिठी मात्र वृत्तांतांत आहे.

सुमेरसिंग मागोमाग आहे. रघुनाथराव त्याला थांबायला सांगतात, असं डफ लिहितो. सुमेरसिंगचा जबाब असा की, आता इतक्या पुढे आलो ते स्वतःचा गळा कापून घ्यायला नव्हे. याला सोडा, नाही तर याच्याबरोबर तुम्हीही. हुकूम धरायचा असो की मारायचा, या घडीला सुमेरसिंगला तो लागत नव्हता. पेशव्याच्या वाड्यात तलवार उपसून शिरलेला शिपाई पेशव्याला जिवंत मागे ठेवून जाऊ शकत नाही.

रघुनाथराव मिठी सोडवतात आणि गच्चीवर निघतात.

नारायणराव मागून जाऊ पाहतात. तुळाजी पवार पाय धरून त्यांना खाली ओढतो. चापाजी टिळेकर नावाचा त्यांचा खिजमतगार आत धावतो. त्याच्या हातात काही नाही. तो धन्याच्या अंगावर पडतो आणि नारायणराव त्याला कवटाळतात. दोघेही तिथेच कापले जातात.

दीडच्या सुमारास. सगळं अर्ध्या तासात उरकलेलं आहे. घटकेहून थोडं जास्त. रियासतकार सरदेसाई मेलेल्यांचा आकडा अकरा देतात: सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर, दोन बटकी. शिवाय एक गाय.

गारद्यांनी कोट ताब्यात घेतला आहे. बाहेरचा माणूस आत जात नाही, आतला बाहेर येत नाही.

दुपार. वाड्याबाहेर पुण्याला आवाज ऐकू येतात, अर्थ लागत नाही. दुकानं, घरं, दारं लागतात. कारभारी सखारामबापू बोकील कोतवाल चावडीवर आहेत. लोक तिथे जमतात. राज्याचा कारभार पाहणारा माणूस धन्याच्या घरापासून काही पावलांवर उभा आहे आणि आत कोण जिवंत आहे, हे त्याला ठाऊक नाही.

हरिपंत चावडीवर आलेले आहेत.

तिसरा प्रहर. वाड्यात विचारणा जाते. रघुनाथरावांकडून उत्तर येतं: शिपायांनी पुतण्याला मारलं. हरिपंत लोकांसमोर उघड म्हणतात की मारणारे स्वतः रघुनाथरावच आहेत. मग ते घोड्यावर बसतात आणि पुणं सोडतात. सखारामबापू लोकांना घरी जायला सांगतात.

लोक घरी जातात.

रामशास्त्र्यांनी पुढे काकांना तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे, आणि स्वतः पुणं सोडलं. त्याला अजून वेळ आहे. आज संध्याकाळी वाड्याची आज्ञा रघुनाथरावांच्या नावाने सुटते आहे.

रात्र. त्रिंबकराव मामा पेठे प्रेत मिळवतात. ते दिल्ली दरवाजाने नेत नाहीत. दक्षिणेकडच्या छोट्या दरवाजातून काढतात, आज त्याला नारायण दरवाजा म्हणतात. नदीकाठी अंधारात दहन होतं.

नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर आहे. २३१ दिवसांनी, १८ एप्रिल १७७४ ला, पुरंदरावर तिला मुलगा होईल आणि चाळीस दिवसांनी त्याच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं येतील. या घडीला त्याची कुणी मोजदाद केलेली नाही.

वाड्यातला गणपती अजून बसलेलाच आहे. हरिपंत फडके बारामतीच्या वाटेवर आहेत.