प्रागैतिहासिक जलचरांची शिल्पे

जीवाश्मांच्या (शिळारूप झालेल्या अवशेषांच्या) आधारे निर्वंश जलचरांची पूर्णाकृती शिल्पे घडविण्याचा पहिला मोठा प्रयत्न लंडनजवळील सिडनम येथे झाला. क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानातील ही शिल्पे बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स (१८०७–९४) यांनी घडविली. उद्यान १८५४ मध्ये खुले झाले. शास्त्रीय सल्लागार रिचर्ड ओएन (१८०४–९२) होते. या शास्त्रज्ञामुळे त्या शिल्पांच्या इतिहासाशी नागपूरचा संबंध येतो.

प्रथम लहान नमुना, मग मातीची पूर्णाकृती, तीवरून साचा आणि शेवटी विटा, कौले, लोखंड व सिमेंट यांचे काम, असा क्रम असे. भूचर इग्वॅनोडॉनच्या एकाच शिल्पास ६०० विटा व ३८ पिंपे सिमेंट लागल्याचे हॉकिन्स यांनी नमूद केले आहे. इक्थिओसॉर, प्लेसिओसॉर व मोसासॉर हे सागरी सरीसृप तळ्याच्या काठाशी ठेवले. मोसासॉरच्या मागील भागाची नीट माहिती नव्हती. म्हणून डोके व पुढचा भाग एवढेच घडविले, उरलेले पाण्याखाली आहे असे समजावयाचे. यात चातुर्य आहे, तसाच प्रामाणिकपणाही. लॅबिरिंथोडोंट या उभयचरांच्या बाबतीत मात्र हा संयम सुटला. कवट्या व काही सुटी हाडे एवढ्या पुराव्यावर त्यांना महाकाय बेडकांचे रूप दिले गेले.

याच गटातील एक कवटी लवकरच ओएन यांच्याकडे अभ्यासासाठी आली. स्कॉटिश मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) हे १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा व धर्मप्रचार सांभाळून ते परिसरातील खडक धुंडाळीत. नागपूरच्या दक्षिणेस सु. ९५ किमी.वरील मांगली येथील वाळुकाश्मात सापडलेल्या या कवटीस ओएन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स (आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा) असे नाव दिले. हा प्राणी सागरी नव्हे, गोड्या पाण्यातला, काळ ट्रायासिक. त्याचे धड मिळालेले नाही. पुढे या गटातील इतर प्राण्यांचे पूर्ण सांगाडे मिळाले, तेव्हा लांब शेपूट व आखूड पाय असलेला, सॅलॅमँडर वा मगर यांची आठवण करून देणारा देह दिसला आणि बेडकाची कल्पना मागे पडली. सिडनमचे सिमेंटचे बेडूक मात्र अजून तळ्याकाठी आहेत.

हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. मांगलीची कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये आहे.