कुरव : कोकण किनाऱ्यावरील सारख्या दिसणाऱ्या जाती

लॅरिडी कुलातील पाणपक्षी. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळी पाहुणे म्हणून येतात. मुक्काम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल. गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमागे गाठ्यांच्या आशेने घिरट्या घालणारे किंवा हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाभोवती उतरणारे थवे बऱ्याचदा मिश्र असतात.

तपकिरी डोक्याचा व काळ्या डोक्याचा कुरव : सर्वाधिक गल्लत या जोडीत होते. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी पडतात आणि डोळ्यामागे तीट लावल्यासारखा काळसर ठिपका तेवढा उरतो. विणीच्या पिसाऱ्यात तर काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोकेही गडद तपकिरीच असते. त्याची लांबी सु. ३७–४० सेंमी. भरते, तपकिरी डोक्याचा कुरव सु. ४१–४५ सेंमी. असून त्याची चोच जाड असते. शेजारी तुलनेला दुसरा पक्षी नसेल, तर हा फरक कामाला येत नाही.

खरी ओळख उडताना पटते. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी असते आणि काळा रंग पिसांच्या टोकांपुरता, मागच्या कडेला राहतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचे टोक रुंद काळे असते व त्या काळ्यात पांढरे ठिपके उठून दिसतात. पक्षिनिरीक्षक त्यांना ‘मिरर’ म्हणतात. पहिल्या हिवाळ्यातील पिलांना हे ठिपके नसतात, काळा भाग मात्र तसाच रुंद असतो. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचे डोळे फिकट असतात. पिलांचे गडद असल्याने डोळ्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. बसलेल्या थव्याचे शंभर फोटो घेण्यापेक्षा पंख पसरलेल्या पक्ष्याचा एक स्पष्ट फोटो अधिक मोलाचा.

वीण : तपकिरी डोक्याचा कुरव लडाखमधील त्सो मोरिरी, त्सो कार यांसारख्या उंचावरील सरोवरांकाठी, काळ्या डोक्याचा युरोपपासून पूर्व आशियापर्यंत.

बारीक चोचीचा कुरव : डोके कोणत्याच ऋतूत गडद होत नाही. उतरते कपाळ, लांब मान व लांब चोच. पंखाची पुढची कड पांढरी असल्यामुळे उडताना काळ्या डोक्याच्या कुरवाशी गल्लत होते.

मोठे कुरव : पॅलासचा कुरव (सु. ५७–७२ सेंमी.) पिवळ्या चोचीवरील काळ्या पट्ट्यामुळे सहज कळतो. ह्यूग्लिनचा व स्टेप कुरव यांच्या वर्गीकरणाबाबत एकमत नाही. अनेक याद्यांत ते लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्या उपजाती म्हणून येतात. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये या गटाला वलयजातीचे (वलयाकार पसरलेली, शेजारच्या समूहांत संकर होणारी पण टोके जुळतात तिथे वेगळी राहणारी जात) ठळक उदाहरण मानले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते मत खोडून काढले. या मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा येण्यास सु. चार वर्षे लागतात, त्यामुळे अल्पवयीन पक्ष्याची नोंद ‘मोठा कुरव, जात अनिश्चित’ अशी ठेवणेच योग्य.

आवाज : कर्कश, तपकिरी डोक्याच्या कुरवाचा अधिक घोगरा.