जमिनीतून वर आलेलं छत

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात मी मुलांना एक फोटो दाखवला. विटांचं एक छत जमिनीतून हळूच वर येतं, लाटेसारखं फुगतं आणि पुन्हा जमिनीकडे उतरतं. त्या छतावर शाळेची मुलं मजेत चालताहेत. एकानं विचारलं, "सर, हा कुठला दर्गा?" दुसरा म्हणाला, "दर्गा नाय रे, टेकडी आहे." मी सांगितलं, हे वाचनालय आहे आणि तेही आपल्या जिल्ह्यातलं, कोपरगावचं. कुणाचाच विश्वास बसेना. वाचनालय म्हटलं की आमच्या मुलांच्या डोळ्यासमोर कुलूप लावलेलं कपाट येतं.

या इमारतीचं नाव माया सोमैया वाचनालय. कोपरगावच्या शारदा शाळेच्या आवारात ते २०१८ मध्ये पूर्ण झालं. आराखडा मुंबईचे वास्तुरचनाकार समीप पडोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. जागा मिळाली होती ती शाळेच्या जुन्या इमारती आणि कुंपण यांच्यामधली अरुंद पट्टी. तिथे चार भिंती उभ्या करून वर स्लॅब टाकता आला असता. तसं केलं असतं तर मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आणखी एक ठोकळा उभा राहिला असता. पडोरांनी जमीनच उचलल्यासारखं छत केलं. आत पुस्तकं, वर मुलांची पावलं. पायाखाली पुस्तकं आहेत म्हटल्यावर मूल आज ना उद्या आत डोकावणारच.

छत पातळ विटांच्या तीन थरांचं आहे. आपल्या गवंड्यांना हे पटणं अवघड, कारण ना मध्ये खांब, ना तुळई. मग ते उभं कसं राहतं? वर्गात मी एक साखळी घेतली आणि तिची दोन टोकं दोन मुलांच्या हातात दिली. साखळी मधोमध झुकली. म्हटलं, या झुकलेल्या साखळीत फक्त ताण आहे. आता हाच आकार उलटा करा, ताणाच्या जागी फक्त दाब येईल. वीट ओढली तर निखळते, दाबली तर पिढ्यान् पिढ्या टिकते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं १६७५ मध्ये हेच सूत्र मांडलं. कोपरगावच्या छताचा आकार ठरवायला झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील फिलिप ब्लॉक यांच्या संशोधन गटानं बनवलेली संगणक प्रणाली वापरली. तिच्या मुळाशीही ही उलटी साखळीच आहे.

आता इतिहासाकडे येतो, कारण मला खरी ओढ त्याचीच आहे.

पातळ विटा आडव्या ठेवून थरावर थर चढवण्याची ही पद्धत स्पेनची. पहिला थर झटपट घट्ट होणाऱ्या जिप्समने, म्हणजे आपल्या पीओपीसारख्या मालाने जोडायचा. त्यामुळे खाली सगळीकडे सेंटरिंग लावावं लागत नाही. पुढचा थर असा फिरवून बसवायचा की सांध्यावर सांधा येऊ नये. तिचा उगम नेमका कुणाचा यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण स्पेनच्या मुर्सिया भागात सियासा नावाच्या ओसाड मुस्लिम वस्तीत, बाराव्या-तेराव्या शतकातील घरांच्या जिन्यांखाली, अशा बांधकामाचे फार जुने नमुने सापडले आहेत. पुढे १३८२ मध्ये अरागॉनचा राजा चौथा पेद्रो यानं व्हॅलेन्सियातील या हलक्या, स्वस्त छताची एका पत्रात वाखाणणी केली आणि झारागोझातील आपल्या कारागिरांनी ते पाहून यावं, असं कळवलं. १६०९ मध्ये त्याच व्हॅलेन्सियातून मुसलमानांच्या वंशजांना हाकलून देण्यात आलं. माणसं गेली, कमानी राहिल्या.

व्हॅलेन्सियात जन्मलेला राफाएल ग्वास्ताविनो १८८१ मध्ये हीच विद्या घेऊन न्यूयॉर्कला गेला. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यानं अशी छतं बांधली. विसाव्या शतकात उरुग्वेच्या एलादिओ दिएस्तेनं विटेच्या पातळ छतांचा आपला स्वतंत्र मार्ग काढला. या दोघांच्या कामातून पडोरांनी प्रेरणा घेतली. अंदलुसच्या जिन्याखालची वीट अशी फिरत फिरत गोदावरीकाठी आली.

मग एक प्रश्न साहजिक येतो. पद्धत स्पेनची, गणित स्वित्झर्लंडचं, आराखडा मुंबईचा. मग हे वाचनालय कोपरगावचं कसं?

उत्तर शोधायला कोपरगावहून शंभर किलोमीटरच्या आसपास दक्षिणेला, नगरला यावं लागतं. नगरचं सरकारी नाव आता अहिल्यानगर आहे. नाव बदललं तरी दगड तेच आहेत. मलिक अहमद निजामशहानं १४९० च्या दशकात सीनेकाठी हे शहर वसवलं. त्याचा बाप मलिक हसन मूळचा ब्राह्मण, त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, हे फरिश्तानं लिहून ठेवलं आहे. घराणं इथलं, पण बांधकामाची भाषा इराण आणि मध्य आशियाकडून आलेली. घुमट, टोकदार कमान, हौद, चारबाग हे सगळं बाहेरचं. पण नगरच्या कारागिरांनी ते इथल्या काळ्या दगडात, चुन्यात आणि इथल्या पाण्यावर बसवलं.

फराहबाग पाहा. १५८३ च्या सुमारास सलाबतखानानं पूर्ण केलेला हा महाल एका भल्यामोठ्या तलावाच्या मधोमध होता. आज तलाव कोरडा आहे, तरी उन्हाळ्यात त्या उंच कमानींखाली उभं राहिलं की कळतं, बांधणाऱ्यानं वारा मोजला होता. पाण्यावरून येणारी झुळूक कमानीतून आत शिरावी, जाड भिंतींनी ऊन अडवावं. त्या तलावाला आणि शहराला पाणी येत होतं डोंगरपायथ्याच्या झऱ्यांवरून, जमिनीखालच्या खापरी नळांतून. कल्पना इराणी बागेची, पण उत्तर नगरच्या वैशाखाला दिलेलं.

किल्ल्याजवळची दमडी मशीद तर आणखी बोलकी. १५६७-६८ मध्ये साहिरखानानं ती बांधली. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतून एकेक दमडी काढून दिली, म्हणून हे नाव, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी की खोटी हा भाग वेगळा. लोकांनी ती चार शतकं जपली, कारण त्यांना ही इमारत आपल्या घामाची वाटते. आकाराने लहान, पण कोरीव काम असं की पाथरवटाचा हात दिसतो.

याहून मागे जायचं तर प्रवरेकाठच्या दायमाबादला जावं. तिथल्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मातीच्या भिंतींची घरं निघाली. या जिल्ह्यात माती हे गरिबीचं लक्षण कधीच नव्हतं, ती इथली पहिली सामग्री होती. कोपरगावची वीट त्या मातीचीच नातेवाईक आहे.

म्हणून मला वाटतं, एखादी वास्तू इथली की बाहेरची हे तिच्या आकाराच्या जन्मगावावरून ठरत नाही. इथलं ऊन, इथली माती, इथला कारागीर आणि तिथे वावरणारा माणूस यांना तिनं काय उत्तर दिलं, यावरून ठरतं. माणसांचंही तसंच आहे. "तुमचं मूळ कुठलं?" हा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो. फराहबाग त्याचं शांतपणे उत्तर देते.

पण हेच माप स्वतःला लावलं की मान खाली जाते. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यातली मशीद चुन्याची होती. भिंती दोन हात जाड, छत कमानीचं, अंगणात कडुनिंब. जूनपूर्वीच्या उन्हातही जोहरच्या नमाजला गारवा असे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती पाडली. कुणी वाईट हेतूनं पाडली नाही. जागा अपुरी पडत होती, लोकांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली, मीही दिली. त्या जागी आला आरसीसी स्लॅब, चकचकीत फरशा आणि फायबरचे तयार मिनार, आखाती देशाच्या कॅलेंडरवर असतात तसे. आज स्लॅब तापतो, पंखे गरम वारा फेकतात आणि एसीसाठी पुन्हा वर्गणी सुरू आहे. कडुनिंब गेला, त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. बैठकीत मी तेव्हा गप्प बसलो होतो, हेही इथे लिहून ठेवतो. चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी परकी कमान इथली केली, त्यांचे वारस आपण. आणि आपण इथली मशीद परकी करून बसलो.

हे फक्त आपलं दुखणं नाही. नगरच्या बाजारात जुने वाडे पाडून काचेच्या इमारती उभ्या राहताहेत. पश्चिमेच्या उन्हाला काच दाखवायची आणि मग पडदे लावून दिवसा दिवे लावायचे, हा शहाणपणा सगळ्यांनी मिळून स्वीकारला आहे.

कुणी म्हणेल, कोपरगावच्या पाठीशी साखर कारखानदारीतून उभं राहिलेलं मोठं घराणं होतं. खेड्यातल्या जमातीनं संगणक आणि वास्तुरचनाकार कुठून आणायचा? रास्त आहे. तीन थरांची कमान सगळ्यांना जमणार नाही, ती जमवण्याची गरजही नाही. पण झाड राखून भिंत वळवता येते. खिडकी वाऱ्याच्या दिशेला ठेवता येते. चुन्याचं काम जाणणारा म्हातारा गवंडी अजून हयात असेल, तर पाडण्याआधी एकदा त्याला बोलावता येतं. याला पैसा लागत नाही, बैठकीत एक प्रश्न विचारावा लागतो.

त्या दिवशी तास संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीनं ती साखळी मागून घेतली. दोन बोटांत धरून तिनं ती झुकवली आणि खिडकीतून शाळेच्या पत्र्याकडे बघत विचारलं, "सर, आपल्या शाळेचं छत असं का नाही?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. नवीन खोल्यांचा विषय पुढच्या बैठकीत आहे. या वेळी गप्प बसायचं नाही, एवढं ठरवलं आहे.